ओल्ड वॉर्डनची गवताळ धावपट्टी

प्रश्न : इंग्लंडमध्ये मुलीकडे गेलो असताना बेडफर्डशायर परगण्यातील ओल्ड वॉर्डन येथे गवताच्या धावपट्टीवरून फार जुनी विमाने उडताना पाहिली. हे विमानतळ मुळात एका कुटुंबाचे होते, असे समजले. त्याचा इतिहास सांगावा. (एक वाचक, सांगली)

उत्तर : ओल्ड वॉर्डनची इस्टेट १८७२ मध्ये जोसेफ शटलवर्थ यांनी विकत घेतली. लिंकन येथील त्यांच्या भागीदारीतील कारखान्यात वाफेची इंजिने आणि मळणीयंत्रे तयार होत. त्यांचा नातू रिचर्ड याला १९३२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ही मालमत्ता मिळाली आणि त्याच वर्षी त्याने एक दुपंखी मॉथ विमान घेतले, जे आजही तेथेच आहे. पुढच्याच वर्षी एका मित्रासह दोन चिमुकल्या काँपर स्विफ्ट विमानांतून तो व्हाइसरॉय चषकाच्या शर्यतीसाठी इंग्लंडहून थेट दिल्लीपर्यंत उडत आला. १९३५ मध्ये त्याने १९०९ चे ब्लेरिओ आणि १९१० चे देपेर्दुसाँ ही विमाने मिळवली. इतरांच्या लेखी ती मोडीत निघालेली होती, पण ती पुन्हा उडली पाहिजेत हा रिचर्डचा आग्रह होता, आणि माझ्या मते या विमानतळाचे खरे मोल त्या आग्रहातच आहे.

२ ऑगस्ट १९४० रोजी हवाई दलाच्या रात्रीच्या सरावात विमान कोसळून तो गेला. तो डॉरोथी शटलवर्थ यांचा एकुलता एक मुलगा होता. १९४४ मध्ये या माउलीने सारी इस्टेट मुलाच्या नावाच्या विश्वस्त संस्थेकडे सोपवली आणि विमानविद्या, शेती व वनीकरण यांचे शिक्षण हे तिन्ही हेतू तिच्या उद्दिष्टांत एकत्र नोंदवले. म्हणूनच तेथे कृषी महाविद्यालयही उभे राहिले आणि मुलाची यंत्रेही जपली गेली. विमानांचा संग्रह १९६३ पासून लोकांसाठी खुला आहे. १९३४ च्या इंग्लंड ते मेलबर्न शर्यतीत अलाहाबादला उतरून पुढे गेलेले विजेते लाल कॉमेट विमानही आता तेथेच असते.

धावपट्टी गवताचीच ठेवण्यामागे केवळ हौस नाही. फार जुन्या विमानांना ब्रेक नसतात. शेपटीखालची दांडी जमिनीत रुतत जाते आणि तिच्यामुळेच वेग कमी होतो, त्यामुळे डांबरी पृष्ठभाग त्यांना मानवत नाही. ब्लेरिओ तर वारा पूर्ण पडलेल्या संध्याकाळीच बाहेर काढतात आणि धावपट्टीवरून सरळ रेषेत, जमिनीपासून थोडेसेच वर उडवून पुन्हा उतरवतात.