आधी खुब्याला विचारा, मग कोर्सचा फॉर्म भरा

प्रश्न : माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. कोविडमध्ये आयसीयूत होता, स्टेरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले. काही महिन्यांनी जांघेत दुखू लागलं. एमआरआयमध्ये डाव्या खुब्याचा एव्हीएन, म्हणजे रक्त न मिळाल्याने हाड मरण्याचा आजार, निघाला. हाडाला ड्रिल करण्याचं ऑपरेशन झालं, पुढे सांध्यात इन्फेक्शन झालं. दोनदा सांधा धुतला, सहा आठवडे अँटिबायोटिक चाललं. त्याला बॅडमिंटनचा कोच व्हायचं होतं. आता नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर शिकून बैठं काम धरू दे. तो म्हणतो, काहीच नको.

उत्तर : ताई, नातेवाइकांची माया कळते, पण बैठं काम खुब्याला सोसेलच असं नाही. तासभर खुर्चीत बसून उठल्यावर पहिली चार पावलं तो कशी टाकतो, ते बघा. त्याला हवं तेव्हा उठता येईल, दोन फेऱ्या मारता येतील, असं काम हवं. खुर्चीही उंच हवी, गुडघे खुब्यापेक्षा वर जाणार नाहीत अशी.

एक गोष्ट त्याला आधी सांगा. मी लवकर खेळायला गेलो म्हणून हे झालं, असं ही मुलं मनात धरून बसतात. तसं नसतं. एव्हीएनमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तिथलं हाड मरतं. 2003 च्या सार्सच्या साथीतून वाचलेल्यांतही स्टेरॉइडनंतर हे दिसलं होतं. ज्या औषधाने तेव्हा जीव सावरला, त्याचीच ही किंमत आहे.

आता इन्फेक्शनचं. गोळा खचला तर सांधा बदलावा लागू शकतो. पण इन्फेक्शन पूर्ण गेल्याची खात्री होईपर्यंत सर्जन कृत्रिम सांधा बसवायला सहसा तयार होत नाहीत. म्हणजे ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात नाही. पुढच्या व्हिजिटला सीआरपीच्या (शरीरातली सूज, इन्फेक्शन यांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसोबत तीन प्रश्न कागदावर लिहून न्या : सलग किती वेळ उभं राहायचं, किती वजन उचलायचं, येत्या वर्षात ऑपरेशनची शक्यता किती. उत्तरं मिळाल्याशिवाय कुठेही पूर्ण वर्षाची फी भरू नका. मधे एक सत्र सोडून पुन्हा जोडता येईल असाच कोर्स बघा.

मेडिकलकडे वळायचं मनात येईल. एक्स-रे टेक्निशियनचं काम लोकांना हलकं वाटतं. प्रत्यक्षात पेशंट सरकवावे लागतात, काही तपासण्यांत शिशाचा जड एप्रन घालून उभं राहावं लागतं. फिजिओथेरपीतही वाकणं आणि आधार देणं आलंच. मी आत्ता दोन्ही टाळेन.

माझं मन मात्र त्याच्या बॅडमिंटनपाशीच अडकलंय. सामन्यांचे व्हिडिओ बघून कोणता खेळाडू कुठे चुकतो ते टिपणं, आकडे मांडणं, कोचला अहवाल देणं, हे आज स्वतंत्र काम आहे. त्याला स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग लागतं, म्हणजे नातेवाइकांचा कॉम्प्युटरही त्यात आलाच! फक्त नोकऱ्या मोजक्या आहेत, म्हणून पदवी स्टॅटिस्टिक्स किंवा डेटाची घ्यावी. ती इतरत्रही चालते.

आज त्याला कोर्सबद्दल काही विचारू नका. एखाद्या सामन्याचा एक गेम लावून द्या, हातात वही द्या आणि म्हणा, हरणाऱ्याचे पॉइंट कुठे कुठे गेले ते लिही. मधे उठायची मुभा ठेवा. त्याने लिहिलेलं पान मला पाठवा, सर्जनची तीन उत्तरंही. कोर्सचं मग बोलू.