मुलांनी विचारलं आणि मला आलं नाही तर?

समुपदेशनासाठी येणाऱ्या शिक्षकांच्या तोंडून हे वाक्य मी वारंवार ऐकतो, त्यातही जीवशास्त्र शिकवणाऱ्यांच्या. त्याला कारण आहे. भूमितीच्या तासाला कुणी आजोबांचा मधुमेह घेऊन येत नाही. जीवशास्त्राच्या तासाला मात्र मुलं स्वतःचं शरीर आणि घरातली आजारपणं घेऊन बसलेली असतात. तिथले प्रश्न पुस्तकाच्या हद्दीत राहत नाहीत.

ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एका शिक्षिकेबद्दल सांगतो. एम.एस्सी. वनस्पतीशास्त्रात, शिकवायचं मात्र नववी-दहावीचं सगळं जीवशास्त्र. रात्री एकपर्यंत तयारी, सकाळी पोटात गोळा. सुरुवात कुठे झाली ते तिसऱ्या भेटीत कळलं. रक्ताचा पाठ चालू असताना एका मुलाने विचारलं होतं, "मॅडम, लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, तर तिला जिवंत कसं म्हणायचं?"

"मी म्हणाले, हे परीक्षेला येत नाही, खाली बस."

"मग?"

"बसला. पुन्हा कधी विचारलं नाही त्याने. आता वर्गातच कुणी फारसं विचारत नाही."

"मग भीती कमी व्हायला हवी होती."

"वाढलीय, सर."

वाढणारच. माणूस कशाला घाबरतो यापेक्षा तो काय टाळतो, याकडे मी आधी बघतो. टाळलेली गोष्ट कधी आजमावली जात नाही, म्हणून ती मनात मोठी होत राहते. "मला माहीत नाही" हे शब्द त्यांनी अकरा वर्षांत वर्गात एकदाही उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर काय होतं, हे त्यांना कळणार कुठून?

पुढच्या दोन भेटींत फार काही हललं नाही. मग एकदा मी म्हटलं, मला गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले आनुवंशिक गुण वाहून नेणारे ते धागे, समजावून सांगा. त्या खुलल्या. 1923 मध्ये पेंटर या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रं असल्याचं सांगितलं आणि तीसेक वर्षं सगळे तेच मानत राहिले. 1956 मध्ये चियो आणि लेवान या संशोधकांनी 46 दाखवून दिली. "त्याआधी काही संशोधकांनी तर काम थांबवलं होतं, सर. 48 सापडतच नव्हती ना! त्यांना वाटलं, चूक आपलीच..."

त्या थांबल्या. मीही बोललो नाही. अशा वेळी गप्प राहणं मी फार प्रयत्नाने कमावलं आहे, आणि त्या दिवशी ते कामी आलं.

"समोर दिसत होतं, तरी पुस्तकात वेगळं म्हणून..." बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे मी वर्गात का सांगत नाही? मी फक्त 46 सांगते."

मला तेव्हा नीट उमगलं. त्या पूर्ण झालेल्या विषयाची राखण करत उभ्या होत्या. प्रश्न विचारणारं मूल त्यांना कुंपण ओलांडून आत येतंय असंच वाटत होतं.

नुसतं "माहीत नाही" म्हणून भागत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घालून लिहा. आठवड्याच्या आत त्याच्याकडे परत या, उत्तर कुठे आणि कसं सापडलं तेही सांगा. "तूच शोधून आण" म्हणू नका, मुलाला ती शिक्षा वाटते. आणि आजोबांच्या मधुमेहाचा प्रश्न आला तर तासानंतर त्या मुलाशी वेगळं बोला. त्याला माहितीआधी कुणीतरी ऐकून घेणारं हवं असतं.

पंधरा दिवसांनी त्यांनी तो जुना प्रश्न वर्गात स्वतः काढला. "त्या दिवशी मला येत नव्हतं, म्हणून मी तुला बसवलं," हेही सांगितलं. लाल पेशी तयार होताना केंद्रक बाहेर टाकते, त्यामुळे तिच्यात जास्त हिमोग्लोबिन मावतं. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवत ती सुमारे 120 दिवस काम करते, पण विभाजन तिला जमत नाही. मग जिवंत म्हणायचं की नाही? वर्गात दोन तट पडले. तो मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मग तिच्यात बिघाड झाला तर दुरुस्ती कशी होते?"

बाईंनी खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात तारीख घातली.