जुन्या इमारतीला ग्रीन सर्टिफिकेट आहे, त्याच आवारात नवीन बांधतोय, तर वेगळं काढावं लागतं का?

लागतं. लीड (LEED) म्हणजे इमारतीला गुण देऊन ग्रीन ठरवणारी अमेरिकेची पद्धत. तिचं प्रमाणपत्र त्या इमारतीला मिळतं, सगळ्या आवाराला नाही. शेजारच्या भिंतीवर पाटी आहे म्हणून नवी इमारत आपोआप ग्रीन होत नाही.

हाच वाद माझ्या घरात झालाय. खानापूर रोडला एका कारखान्याच्या आवारात दुसऱ्या शेडचं काम होतं. मी साइट इंजिनिअर, खुदाईचा ठेका दाजींकडे. मी म्हणालो, आधी गाळ अडवायची सोय करू, वरची माती वेगळी रचून ताडपत्री टाकू. दाजी म्हणाले, "पाटी हाय की भिंतीवर, पुन्हा कशाला करूलास?" मालकांनाही ते पटलं. मे महिन्यात सगळं आवार उघडं केलं. मृगाचा पाऊस तसाच गेला, पण आर्द्रात आपल्याकडे कसा कोसळतो ते तुम्हाला माहीतच आहे. दोन रात्रींत तांबडा चिखल उतरला तो थेट जुन्या इमारतीच्या शोषखड्ड्यात. पावसाचं पाणी जिरवतो म्हणून ज्या खड्ड्याचे गुण जुन्या इमारतीने घेतले होते, तोच बुजला! नवं ग्रीन होणं राहिलं बाजूला, जुनंही बिघडलं.

माती वाहू न देण्याची योजना ही लीडमध्ये पूर्वअट आहे. तिला गुण नाहीत, पण ती नसेल तर प्रमाणपत्रच नाही, मग बाकी ८० गुण जमवा नाहीतर १००. म्हणून पाऊस लागायच्या आत चर आणि गाळखड्डा काढा, मगच पाया खणा. ठेकेदार नात्यातला असला तर हे कागदावर घ्या.

हद्दीचंही बघा. जुन्या इमारतीच्या हद्दीत दाखवलेली जमीन नव्या इमारतीच्या हद्दीत पुन्हा दाखवता येत नाही. बस थांबा किती लांब, यासारख्या काही सामायिक बाबी कॅम्पस पद्धतीने, म्हणजे एका आवारातल्या सगळ्या इमारतींसाठी मिळून, एकदाच मांडता येतात. वीज, पाण्याचा वापर मात्र ज्याचा त्याने सिद्ध करायचा.

हे सगळं लीडचं सांगितलं. तुमची पाटी आयजीबीसी (IGBC) किंवा गृह (GRIHA) या आपल्या देशातल्या ग्रीन प्रमाणपत्रांची असेल तर त्यांचे नियम वेगळे, ते आधी काढून वाचा. जुन्या इमारतीला जोडूनच वाढवत असाल तर तेही सल्लागाराला सुरुवातीलाच सांगा.

दाजी अजून म्हणतात, पाऊसच जास्त झाला. त्या खड्ड्यातून मी आठ ट्रॉल्या गाळ उपसून काढला, मजुरी माझ्या खिशातून दिली. ती वही माझ्याकडे आहे.