सीलिएक असलेल्या मुलीला ओट्स द्यावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे: नऊ वर्षांच्या मुलीला चार महिन्यांपूर्वी सीलिएकचं (ग्लुटेनमुळे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या प्रथिनांमुळे, आतड्याला इजा होते त्या आजाराचं) निदान झालं, घरात गहू बंद केलाय, आणि सकाळी शाळेआधी झटपट काहीतरी म्हणून ओट्स द्यायचे आहेत. कुणी म्हणतं ओट्समध्ये ग्लुटेन नसतंच, कुणी म्हणतं असतं.

किराणा दुकानातले साधे ओट्स अजिबात देऊ नका. पाकिटावर स्पष्ट 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेले ओट्स पुढे देता येतील, पण चौथ्या महिन्यात नाही.

दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे. गव्हात ग्लायडिन, सातूत (म्हणजे जवात) हॉर्डीन आणि राय या धान्यात सेकालिन ही प्रथिनं असतात. सीलिएकमध्ये आतड्याला इजा होते ती यांच्यामुळे. ओट्समधलं प्रथिन वेगळं, अ‍ॅव्हेनिन. त्याचं प्रमाणही कमी असतं आणि बहुतेक सीलिएक रुग्णांचं शरीर त्याच्यावर भडकत नाही. फिनलंडच्या संशोधकांनी १९९५ साली प्रौढ रुग्णांना रोज सुमारे ५० ग्रॅम ओट्स देऊन आतड्याची तपासणी केली, तेव्हा ओट्स न खाणाऱ्यांच्या तुलनेत जास्त इजा दिसली नाही. थोड्या रुग्णांना मात्र शुद्ध ओट्सचाही त्रास होतो, आणि आपलं मूल त्यांपैकी आहे का हे आधी ओळखता येत नाही.

खरा घोटाळा शेतापासून गिरणीपर्यंतच्या वाटेवर होतो. ओट्स आलटूनपालटून गहू आणि सातूच्याच शेतात घेतात. कापणीचं यंत्र तेच, ट्रक तेच, गोदाम तेच. एक हिशेब करून पाहा. गव्हाचा एक दाणा साधारण ३५ मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन अंदाजे ३.५ मिलिग्रॅम. 'ग्लुटेन-फ्री' म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचीही तीच. मुलीच्या वाटीत २५ ग्रॅम ओट्स असतील तर मर्यादा झाली अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे गव्हाचा एकच दाणा त्या वाटीला मर्यादेच्या सातपट वर नेतो. शिवाय हे दाणे पाकिटात सारखे पसरलेले नसतात. दहा वाट्या स्वच्छ आणि अकरावीत दाणा, असं होतं. म्हणून 'आठवडाभर दिले, काही झालं नाही' याला पुरावा समजू नका. सीलिएकमध्ये पोट न दुखताही आतडं बिघडत राहू शकतं.

निवडून किंवा धुऊन हे जात नाही. ओट्स वाफवून लाटलेले असतात, आणि गव्हाचा किंवा सातूचा लाटलेला पोहा त्यांत मिसळला की डोळ्यांना वेगळा दिसत नाही. शिजवल्यानेही ग्लुटेन नष्ट होत नाही. दाण्याचे तुकडे केलेले ओट्स, जाड, झटपट, या प्रकारांनी उत्तरात काहीच फरक पडत नाही.

पाकीट घेताना काय बघायचं? 'नैसर्गिकरीत्या ग्लुटेन नसलेले', 'शंभर टक्के ओट्स' या शब्दांना काही किंमत नाही. 'ग्लुटेन-फ्री' हाच शब्द हवा, आणि त्याच पाकिटावर 'गव्हाचा अंश असू शकतो' असं लिहिलेलं असेल तर ते परत ठेवा. 'लो ग्लुटेन' म्हणजे किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम, ते सीलिएकसाठी नाही. ग्लुटेन-फ्री ओट्स बनवायच्या दोन पद्धती आहेत. एकीत बियाण्यापासून गिरणीपर्यंत सगळं वेगळं ठेवतात. दुसरीत साधे ओट्स घेऊन यंत्राने परके दाणे वेगळे काढतात. गहू आखूड आणि गोलसर असल्याने निघतो, पण सातूचा दाणा ओट्ससारखाच दिसतो, तो चुकतो. कंपनीने पद्धत सांगितली असेल तर मी पहिलीच निवडेन, जरा महाग पडली तरी.

परदेशातून कुणी पाकीट आणणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्सवर 'ग्लुटेन-फ्री' लिहायला परवानगीच नाही, तिथे 'गहूविरहित' अशा अर्थाचे शब्द दिसतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपात २० च्या मर्यादेत असतील तर लिहिता येतं. म्हणून दोन देशांची पाकिटं फक्त शब्दांवरून ताडून बघू नका.

मसाला ओट्स, म्युसली आणि ग्रॅनोला यांची घटकयादी तर वाचायलाच हवी. 'माल्ट' दिसलं की सातू समजा. मुलांच्या दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींतही तेच असतं.

आता वेळ आणि माप. गहू बंद करून साधारण सहा महिने ते वर्ष झालेलं असावं, मुलीचं वजन-उंची वाढायला लागलेली असावी, आणि टीटीजी-आयजीए ही सीलिएकची प्रतिपिंडं मोजणारी रक्ततपासणी सामान्य पातळीवर किंवा तिच्या जवळ आलेली असावी. त्याआधी ओट्स सुरू केले आणि पोट बिघडलं, तर दोष ओट्सचा, चुकून पोटात गेलेल्या गव्हाचा, की अजून भरून न आलेल्या आतड्याचा, हे सांगताच येत नाही. पोटाच्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. पहिला आठवडा १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, दिवसाआड. मग हळूहळू २० ते २५ ग्रॅमपर्यंत, आणि लहान मुलांसाठी तिथेच थांबा. मोठ्यांना ५० ग्रॅमपर्यंत चालतात. २५ ग्रॅमला साधारण एक वाटी पाणी किंवा दूध लागतं. पहिल्या काही दिवसांत गॅस आणि पोट जड वाटणं हे तंतूंमुळेही होतं. ते दोन आठवड्यांत ओसरायला हवं. जुलाब, उलटी, चिडचिड किंवा वजन अडणं दिसलं तर बंद करा आणि डॉक्टरांना कळवा. काहीच त्रास नसला तरी तीन ते सहा महिन्यांनी टीटीजी परत तपासून घ्या.

घरात ज्यांच्या हातात स्वयंपाक आहे त्यांना शब्द नीट सांगा. 'लापशी दे' म्हटलं की आजी गव्हाचा दलियाच शिजवतील. सातूचं पीठही नको, त्यात सातू नसला तरी बहुतेक वेळा गहू असतो. खपली गहू पचायला हलका म्हणून कुणी आग्रह करेल, पण तोही गहूच, ग्लुटेन त्यातही आहे. ओट्सचा उपमा करणार असाल तर हिंगाची डबी उलटून वाचा: बाजारातल्या बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घ्या. मोहरीची धास्ती मात्र नको. काही घरांत तिला राई म्हणतात, पण राय हे धान्य वेगळं.

तोवर सकाळसाठी नाचणीचं सत्त्व, पोहे, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, भगरीचा उपमा किंवा तांदळाची घावनं द्या. नाचणी आणि ज्वारी सार्वजनिक गिरणीतून दळून आणू नका, तिथे आधी गहूच दळलेला असतो. घरघंटी असेल तर ती गव्हाला अजिबात न वापरलेली हवी, नाहीतर घरच्या मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात थोडं थोडं दळा. धान्य आधी निवडून, धुऊन, वाळवून घ्या, कारण दाणा अख्खा असतो तोवर परका दाणा दिसतो आणि काढता येतो.