लॅबमधल्या काही कॉम्प्युटरचं नेट अपडेटनंतर मधेच जातंय. दोष ड्रायव्हरचाच (नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामचाच) आहे हे मुलांकडून माहिती घेऊन कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की ३० उबंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टीम) मशीनपैकी दहा-अकरा मशीनचं नेट गेल्या अपडेटपासून जातं, आणि मुलं "सर, नेट गेलं" म्हणून रीस्टार्ट मारून मोकळी होतात. मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसचे कॉम्प्युटर बघतो. याच दुखण्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माणसाला कारण विचारू नका, काय दिसलं ते विचारा. आमच्या १८ मशीनपैकी सात मशीनचं नेट जायचं. मी आधी "काय झालंय?" असं विचारत फिरलो. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी स्विच तापतोय, कुणी पावसानं केबल गेली. मग एक वही ठेवली आणि तिच्यात एकच प्रश्न: नेट जायच्या आधी अर्धा तास तुम्ही काय करत होता? अकाउंट्सच्या मॅडमनी तीन दिवस तेच सांगितलं, "जेवून आलो की गेलेलं असतंय बघा." (आमच्याकडे बायकाही 'आलो'च म्हणतात.) त्या एका वाक्यानं दिशा मिळाली. जेवायच्या सुट्टीत मशीन झोपत होतं आणि जागं झाल्यावर नेटवर्क कार्ड उठतच नव्हतं. लॉगमध्ये (मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदींत) तेच होतं: सस्पेंड, म्हणजे झोप, संपल्याची ओळ आहे, पण त्यानंतर 'लिंक इज अप' ही ओळ नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ज्यांचं नेट जात नाही त्यांचीही नोंद घ्या. आम्ही सगळ्या १८ मशीनवर 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवलं. (कमांड इथं देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत करा.) त्यात कार्डाचा नंबर, रिव्हिजन (चिपची आवृत्ती) आणि सध्या कोणता ड्रायव्हर चालू आहे हे तिन्ही दिसतं. नंबरचा पहिला भाग चिप बनवणाऱ्याचा असतो: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. बाहेरून सारखी दिसणारी आमची मशीन आतून दोन लॉटची निघाली. नंबर एकच, पण नऊ मशीनवर रिव्हिजन १५ आणि बाकीच्यांवर ०६. बिघडणारी सातही १५ची. मग १५च्या उरलेल्या दोघांचं काय? ती डिस्पॅचमधली. तिथं दिवसभर चलनं निघतात, मशीन झोपायला सवडच नाही. चांगल्या मशीनची नोंद नसती तर हे मला दिसलंच नसतं.

आता तुमच्यासाठी. लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा: नेट गेलं तर रीस्टार्ट करू नका, आधी वेळ लिहा. मग मुलाला मशीनच्या मागं वाकून केबलच्या खोबणीतला दिवा बघायला सांगा. दिवा बंद असेल तर केबल, स्विच किंवा कार्डच उठलेलं नसणं. केबल चांगल्या मशीनची लावून बघितली की उलगडतं. दिवा चालू असून राउटरचा पत्ता पिंग होतोय (हाक मारली की उत्तर येतंय) पण साइट उघडत नाही, तर ड्रायव्हरला दोष देऊ नका, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) किंवा बाहेरची लाईन बघा. 'ईथटूल -एस'मध्ये (यातला एस मात्र कॅपिटल) सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत खराब झालेल्या डेटाचा, आकडा वाढत असेल तर आधी केबल आणि तिचं क्रिम्पिंग (टोकाच्या प्लगची जोडणी) तपासा.

कुणी रीस्टार्ट केलंच तरी उबंटूवर मागच्या वेळचा कर्नलचा (सिस्टीमचा गाभा, बहुतेक ड्रायव्हर त्याच्यासोबतच येतात) लॉग सहसा शिल्लक असतो: 'जर्नलसीटीएल -के -बी -१'. वहीतली वेळ तिथं जुळवा. 'नेटडेव्ह वॉचडॉग... टाइम्ड आउट' अशी ओळ त्या मिनिटाला दिसली, तर पाठवायला दिलेली डेटाची पाकिटं कार्डानं वेळेत पुढं ढकलली नाहीत. तिथं ड्रायव्हरवरचा संशय बळावतो, तरी केबल आणि स्विच बदलून बघितल्याशिवाय शिक्का मारू नका.

संशय पक्का करायला एका वेळी एकच गोष्ट बदला. आम्ही तीन मशीनवर सस्पेंड बंद केलं, दुसऱ्या तीन मशीन सुरू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्या कर्नलवर नेल्या आणि सस्पेंड चालूच ठेवलं. सातवं मशीन तसंच. आठवडाभर त्या सहांना काही झालं नाही, सातवं रोज पडलं. म्हणजे निमित्त झोपेचं, पण दोष नव्या कर्नलबरोबर आलेला.

एवढं हातात आलं की 'उबंटू-बग लिनक्स' चालवा, मशीनची बरीचशी माहिती ते स्वतःच गोळा करतं. तुम्ही फक्त चालणारा कर्नल, बिघडलेला कर्नल, रिव्हिजन आणि दोष हमखास कसा घडवायचा हे लिहा. चांगला आणि वाईट कर्नल माहीत असला की मधले बदल निम्मे-निम्मे करत तपासता येतात. बदल दहा-बारा हजार असले तरी साधारण १४ फेऱ्यांत नेमका बदल सापडतो. तुमच्या एका नोंदीनं ड्रायव्हर लिहिणाऱ्याचे कितीतरी दिवस वाचतात, म्हणून मी हे इतकं तळमळीनं सांगतोय. लॉग पाठवताना मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची) शेवटची सहा अक्षरं-आकडे तेवढे झाका.

तोवर परीक्षांसाठी लॅब चालू हवी असेल तर बिघडणारी मशीन जुन्या कर्नलवर ठेवा. पण त्यातली दोन नव्यावरच राहू द्या आणि त्यांची वही चालू ठेवा, नाहीतर पुढचं अपडेट आल्यावर दोष गेला की नाही हे कळणार कसं?