ग्रंथालयात इंटर्नशिप म्हणजे नुसती पुस्तकं लावायची, तर जावं का?

तुम्ही एम.ए. इतिहासाच्या पहिल्या वर्षाला आहात. ओजेटीचे (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण) चार क्रेडिट पूर्ण करायचे आहेत, पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात जागा मिळतेय, पण मैत्रिणी म्हणतात की तिथे दिवसभर पुस्तकं लावण्यापलीकडे काही नसतं. म्हणून विचारताय, जाऊ की नको.

जा. आणि पुस्तकं लावायचं काम वाट्याला आलं तर ते मन लावून करा. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, दरवर्षी इंटर्नशिपची मुलं माझ्याकडे येतात. या कामाला कमी लेखलेलं मला मनापासून खटकतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेक ठिकाणी पुस्तकांवर ड्युई दशांश पद्धतीचे, म्हणजे विषयानुसार दिलेले आकडे असतात. ही पद्धत 1876 सालची, अजूनही चालते. काही जुन्या ग्रंथालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची 1933 ची कोलन वर्गीकरण पद्धत भेटेल. पहिल्या दिवशी मुलांना एक ट्रॉली देतात आणि सांगतात, ही पुस्तकं जागेवर लावा. हमखास गडबड होते ती इथे: 330.2 आधी की 330.15? मुलं 330.2 आधी लावतात, कारण पंधरा दोनापेक्षा मोठे. पण दशांशचिन्हानंतरचे आकडे एकेक करून वाचायचे असतात. एक दोनाच्या आधी येतो, म्हणून 330.15 आधी. एवढीशी चूक झाली की ते पुस्तक कॅटलॉगमध्ये ‘उपलब्ध’ दिसतं, मांडणीवर सापडत नाही, आणि पुढच्या साठा पडताळणीपर्यंत ते हरवल्यातच जमा. कुणा संशोधकाची त्यासाठी फुकट खेप होते. कोथरूडहून दोन बस बदलून आलेल्या माणसाला ‘सापडत नाहीये’ असं सांगताना समोरचा चेहरा बघा, मग मांडणी नीट असणं म्हणजे काय ते कळेल.

तुम्ही इतिहासाच्या, म्हणून तुमच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. शिवकालावरची पुस्तकं एका जागी नसतात. काळानुसार वर्गीकरण केलं असेल तर ती 954.02 च्या पोटात जातात, प्रदेशानुसार केलं असेल तर 954.792 ला. चरित्र म्हणून 920 च्या घरात जातात आणि कादंबरी असेल तर थेट 891.463 ला, म्हणजे कधी कधी दुसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरवर एक शब्द टाकून शोधणाऱ्याला यातलं एखादंच कपाट दिसतं. हाताने पुस्तकं लावणाऱ्याला मात्र आठवड्याभरात कळायला लागतं की आपला विषय किती ठिकाणी विखुरलाय. पुढे प्रबंधासाठी संदर्भ शोधताना हे कामाला येतं. ते शिकवणारा तास एम.ए.च्या वेळापत्रकात मी तरी पाहिलेला नाही.

दुसरं काम मिळण्याची शक्यता असते ती कॅटलॉगच्या नोंदींचं. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सहसा ‘कोहा’ किंवा इन्फ्लिबनेट या संस्थेचं ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतात. ते शिकायला दोन-चार दिवस पुरतात. खरी अडचण मराठी नावांची आहे. जुन्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या, नव्या देवनागरीत, त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं वेगवेगळ्या नावांखाली पडलेली असतात. महात्मा फुल्यांचंच घ्या: जोतीराव, जोतिराव, ज्योतिबा, महात्मा, आणि रोमन लिपीतले प्रकार वेगळेच. माणूस एक, नोंदी पाच. आधुनिक लेखक आडनावाखाली शोधायचा, पण तुकाराम ‘तुकाराम’खालीच, हा नियमही नव्या माणसाला माहीत नसतो. ही सफाई मशीनवर सोडून भागत नाही. त्याला मराठी नीट येणारा आणि इतिहास वाचलेला माणूस लागतो, म्हणजे तुमच्यासारखाच. एका लेखकाच्या सगळ्या नोंदी तुम्ही एका नावाखाली आणल्यात, तर यापुढे ते नाव शोधणाऱ्या प्रत्येकाचे कष्ट वाचतात. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतला चौथा नियम, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित.

प्रबंधांचा विभाग असेल तर तिथेही थोडे दिवस मागून घ्या. 2009 च्या यूजीसीच्या नियमांपासून पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते. त्याआधीचे बरेच प्रबंध अजून कागदावरच आहेत. ते स्कॅन करायचे, शीर्षक, मार्गदर्शक, वर्ष अशी माहिती भरायची, हे काम कंटाळवाणं वाटेल. पण आपल्या विषयावर पूर्वी कुणी काय करून ठेवलंय हे त्यातूनच कळतं. जुना कागद हाताळताना बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही. टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो काढताना अक्षरंही निघून येतात.

संदर्भ विभागात मात्र बसायला मिळालंच पाहिजे, त्यासाठी हट्ट धरा. वाचक येऊन विचारतो, “पेशव्यांवरची पुस्तकं कुठे आहेत?” लगेच मांडणी दाखवली तर तो अर्धा तास चाळून निघून जातो. दोन प्रश्न विचारले तर कळतं की त्याला उद्याच्या सेमिनारसाठी 1802 च्या वसईच्या तहाची कलमं हवी आहेत. मग त्याला त्या तहाचं बाडच हातात देता येतं. समोरच्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्यायचं कसब पुस्तक वाचून येत नाही. ते अनुभवी ग्रंथपालाच्या शेजारी बसून, तो काय विचारतो आणि कधी गप्प राहतो ते बघूनच येतं.

आता सावधगिरीचं. तुमच्या मैत्रिणी जे सांगतात ते काही ठिकाणी खरं आहे. ग्रंथालयातली भरती बऱ्याच जागी रखडलेली आहे, माणसं अपुरी आहेत, आणि इंटर्न म्हणजे फुकटचा हात असं समजलं जातं. माझ्या माहितीतल्या एका मुलीला एका संस्थेत जवळजवळ सगळा काळ प्रॉपर्टी काउंटरवर बॅगा घेऊन टोकन द्यायला बसवलं. तिला प्रमाणपत्र मिळालं, शिकायला काहीच मिळालं नाही. हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसू नये.

म्हणून रुजू होण्याआधी ग्रंथपालांना भेटा आणि चार क्रेडिटचे साधारण 120 तास कसे वाटले जाणार ते कागदावर मागा. देवघेव, नियतकालिकं, संदर्भ, तांत्रिक विभाग, प्रत्येकाला थोडे थोडे दिवस. आणि त्याखेरीज एक काम पूर्णपणे तुमचं, ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. मी तुमच्या जागी असते तर एखाद्या जुन्या मराठी मासिकाच्या बांधीव खंडांची लेखसूची मागून घेतली असती: लेख, लेखक, वर्ष, अंक, पान. शं. ग. दाते यांनी 1800 ते 1937 मधल्या मराठी पुस्तकांची सूची करून ठेवली म्हणून आज कितीतरी संशोधन उभं राहतं. मासिकांतल्या लेखांचं तसं काम अजून पुष्कळ पडून आहे. एका मासिकाची पाच वर्षं झाली तरी ती सूची तुमच्या नावाने ग्रंथालयात राहील आणि ओजेटीच्या अहवालाला खराखुरा मजकूर मिळेल.

मानधनाची अपेक्षा धरू नका, पण आहे का ते स्पष्ट विचारा. ‘कमवा आणि शिका’ ही वेगळी योजना आहे, तिथे कामाच्या तासांचे पैसे मिळतात. ते तास ओजेटीत धरतील का, हे आधी विभागातून लेखी घ्या. मोडी येत असेल आणि कागदपत्रांचीच ओढ असेल तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा पुणे पुराभिलेखागार इथेही चौकशी करायला हरकत नाही. ग्रंथालय कसं चालतं हे शिकायचं असेल तर विद्यापीठच बरं.

विभागप्रमुखांचं पत्र लवकर घ्या आणि परीक्षेच्या दिवसांतली तारीख घेऊ नका. तेव्हा वाचनकक्ष भरलेले असतात आणि कर्मचाऱ्यांना तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते. परीक्षा संपल्यावरची सुट्टी मागा. साठा पडताळणी बहुधा त्याच काळात निघते, आणि दाखल नोंदवही, म्हणजे ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेली वही, हातात घेऊन सगळी कपाटं पालथी घालायची संधी वर्षातून तेव्हाच मिळते.