प्रिसिजन की जॅझ? आणि पावसाळ्यात हलणारा नेक

बेस गिटार वाजवणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. प्रिसिजन आणि जॅझ ही फेंडर कंपनीच्या बेसची दोन मॉडेलं, आणि नेक म्हणजे बेसची लांब मान. सेटअपचं, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर जुळवण्याचं उत्तर मुद्दाम लांब दिलं आहे, कारण ‘आवाज आवडत नाही’ अशी तक्रार असलेले बरेच बेस सेटअप नीट झाल्यावर आवडू लागतात.

प्रश्न : जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि मित्रांबरोबर फंक बँडही आहे. पैसे एकाच बेसचे आहेत. प्रिसिजन घेऊ की जॅझ? (कोल्हापूर)

दोन्हीकडे एकच बेस न्यायचा असेल तर जॅझ घ्या. नुसता ऑर्केस्ट्रा असता तर डोळे मिटून प्रिसिजन म्हटलं असतं.

प्रिसिजन १९५१ साली आला. त्याचा आजचा दोन तुकड्यांतला पिकअप (तारेचं कंपन पकडणारा चुंबक-गुंडाळीचा भाग) १९५७पासूनचा. या रचनेमुळे विजेची गुणगुण आपोआप मारली जाते. आवाज भरीव, मधल्या पट्टीत जोरकस, त्यामुळे ढोलक, कीबोर्ड आणि ब्रास यांच्या गर्दीतही तो ऐकू येतो. एक व्हॉल्यूम आणि एक टोन, एवढंच हाताशी असतं.

जॅझ १९६०चा. त्याला दोन पिकअप आणि दोघांचे वेगळे व्हॉल्यूम. दोन्ही पूर्ण उघडले की मधली पट्टी थोडी बसते आणि तार खणखणते, थंब-स्लॅपला (अंगठ्याने तारेवर ठोका मारून वाजवण्याला) हेच हवं असतं. ब्रिजकडचा (बॉडीवर तारा जिथे अडकतात तिकडचा) पिकअप एकटाच वाजवला की नाकातून आल्यासारखा टोकदार सूर मिळतो. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या फ्रेटलेस (फ्रेटच्या पट्ट्या नसलेल्या) जॅझची ओळख तीच. ऑर्केस्ट्रासाठी नेककडचा पूर्ण ठेवा, ब्रिजकडचा बंद करा, टोन निम्म्यावर आणा आणि बोटं फ्रेटबोर्ड संपतो तिथे चालवा. हुबेहूब प्रिसिजन होणार नाही, पण काम भागेल.

एक त्रास मात्र राहील. जॅझचे पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही सारख्याच व्हॉल्यूमवर असले तरच गुणगुण जाते. एकच उघडा ठेवला की डिमरवर लायटिंग असलेल्या हॉलमध्ये ती ऐकू येणारच.

घेण्यापूर्वी पट्टा लावून उभ्याने वाजवा. जॅझचा नेक नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीपाशी) सुमारे ३८ मिमी रुंद, प्रिसिजनचा ४१ ते ४४ मिमी. हा फरक दोन तासांच्या कार्यक्रमात मनगटाला कळतो.

प्रश्न : जूनपासून पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खडखडतात. ब्रिजची सॅडल (तार जिच्यावर टेकते ती) वर केली, तरी खडखड जात नाही आणि वरच्या फ्रेटवर वाजवणं जड झालंय. (रत्नागिरी)

सॅडल परत खाली आणा. खडखड पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर दोष बहुधा नेकच्या वळणात असतो. लाकूड कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवा पितं आणि नेक हलतो. तारांच्या बाजूला थोडा खोलगटपणा हवा असतो, तो तुमच्या नेकमध्ये कमी झाला असावा. अंदाजाने काही फिरवू नका, आधी मोजा.

फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच घ्या. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तेच, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं. बेस नेहमीच्या सुरात लावा आणि वाजवता तसाच धरा; टेबलावर आडवा ठेवला की माप बदलतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार (चारांतली सगळ्यात जाड) दाबा. आता आठव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांत ०.३ ते ०.३५ मिमी फट हवी. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतला, वळण ठरवणारा धातूचा दांडा) सैल करायचा : अॅलन की घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा. पुन्हा सुरात लावा, पुन्हा मोजा. नेक पुरता बसायला कधीकधी रात्र जाते, म्हणून एका दिवसात अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. चावी सैल बसत असेल तर तिथेच थांबा. इंची नटमध्ये जवळच्या मापाची मिलीमीटरची चावी घातली की कोपरे झिजतात, आणि झिजलेला ट्रस रॉड नट काढणं हे महागाचं काम आहे.

वळण जमलं की मगच तारांची उंची घ्या. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिमी आणि जी (सगळ्यात बारीक) तारेखाली २ मिमी. जोरात वाजवणाऱ्याने अर्धा मिमी जास्त ठेवावी. फक्त उघडी तार खडखडत असेल आणि दाबल्यावर स्वच्छ वाजत असेल, तर नटची खाच खोल गेली आहे. ते काम कारागिराचं.

त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल नेकपासून लांब न्या, उतरा असेल तर जवळ आणा. दर वेळी तार सुरात लावूनच पुढचं माप.

सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत ई कडे २.८ मिमी, जी कडे २ मिमी, इथून सुरुवात करा. आवाज मोठा मिळतो म्हणून पिकअप फार वर घेतात आणि मग चुंबक तारेला ओढतं. वरच्या फ्रेटवर ई तारेचा सूर डगमगतो, ट्यूनरचा काटा ठरत नाही आणि दोष बिचाऱ्या इंटोनेशनला मिळतो.

हा क्रम बदलू नका. नेक हलला की उंची बदलते, उंची बदलली की इंटोनेशन.

प्रश्न : फ्लॅटवाउंड (चपट्या वेष्टणाच्या, गुळगुळीत) तारा घातल्या. ई तार मेल्यासारखी वाजते. सेट खराब आला का? (नागपूर)

तार कशी कापली ते आठवून पाहा. चढवण्याआधीच सरळ तार कापली तर आतल्या गाभ्यावरचं वेष्टण सुटतं, आणि ती तार पुन्हा जिवंत होत नाही. आधी तार काटकोनात वाकवायची, मग वाकवलेल्या भागाच्या पुढे कापायची. वर भोक असलेल्या खुंट्या असतील तर खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंमी तार ठेवा, टोक भोकात घाला, दोन ते तीन वेढे खालच्या दिशेने येऊ द्या.

कापणी बरोबर असेल तर सॅडलच्या लगेच पुढे तार अंगठ्याने हलकेच दाबा. तिथे ती कमानीसारखी गोल राहिली असेल तर सूर मंद येतो. दाबल्यावर कोन बसतो आणि आवाज उघडतो. मग पुन्हा सुरात लावा.

फ्लॅटवाउंडचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो. नेक पुढे ओढला जातो, म्हणून मागच्या उत्तरातलं नेकचं माप पुन्हा घ्या. राउंडवाउंडची (नेहमीच्या गोल वेष्टणाच्या तारांची) चमक मात्र त्यांच्याकडून मागू नका. बेसवादक जेम्स जेमर्सनने अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतले ते गोल, ठोस बेस फ्लॅटवाउंड लावलेल्या प्रिसिजनवर उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवले. भावगीत, गझल, जुनं फिल्म संगीत यांना त्या तारा फार शोभतात. फंकसाठी नकोत.

प्रश्न : गायकांना साथ करताना पाच तारांचा बेस खरंच लागतो का? (पुणे)

गायकाच्या पट्टीवर आहे. गायिका काळी चार किंवा काळी पाचमध्ये (हार्मोनियमच्या चौथ्या वा पाचव्या काळ्या पट्टीचा सा धरून) गात असेल तर सा ई तारेच्या चौथ्या किंवा सहाव्या फ्रेटवर मिळतो, चार तारा पुरतात. गायक काळी एकमध्ये असेल तर सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर आणि खालचा पंचम शेजारच्या ई तारेच्या चौथ्याच फ्रेटवर. ठेका चालवायला हे छान आहे. पण त्याहून खालचा सा हवा असेल तर तो चार तारांत नाहीच. पाच तारांच्या बेसवरच्या जास्तीच्या, सगळ्यात खालच्या बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आहे. काळी दोनचा सा बी तारेच्या चौथ्यावर.

फक्त काळी दोनपुरती अडचण असेल तर सगळा बेस अर्धा सूर उतरवा, उघडी ई तारच काळी दोन होईल. ताण कमी झाल्याने खडखड आली तर सॅडल किंचित वर.

पाच तारांचा घेताना बी तार पाचव्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर लांबवून ऐका. सूर धूसर होत असेल तर .१३० इंच किंवा थोडी जाड तार लावून बघा. ३५ इंची स्केलवर (नट ते ब्रिज तारेची लांबी) ती जास्त ताणलेली राहते. ई वाजवताना उजवा अंगठा बी तारेवर टेकवायची सवय लावा, नाहीतर ती मागे घुमत राहते आणि साऊंडवाला तुमचाच बेस कमी करतो.

प्रश्न : अॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) बेसची बॅटरी महिन्यात संपते. सर्किट बिघडलंय का? (मडगाव)

केबल बेसमध्येच राहते का ते पाहा. अशा बहुतेक बेसमध्ये केबलचा जॅक आत गेला की प्रीअॅम्प (हेच बॅटरीवरचं सर्किट) सुरू होतो, मग तुम्ही वाजवा अगर नका वाजवू. वाजवून झालं की केबल काढा. तरीही ९ व्होल्टची बॅटरी उतरत असेल तर जॅकमधला संपर्क अडकला असेल, तो बदलून घ्या. आवाज फाटायला लागला की आधी बॅटरी बदला आणि मगच अॅम्पकडे बघा.